इगोर स्टिमॅक: चार करंडक आणि सत्तराव्या मिनिटानंतरची पडझड

मे २०१९ ते जून २०२४ या काळात भारतीय फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक म्हणून इगोर स्टिमॅक यांनी जे काम केलं, त्याला पाचपैकी दोन गुण. सोलापुरात फुटबॉल पाहणारे मोजकेच, पण त्यांच्यातही या माणसावरून दोन तट आहेत. एक करंडक मोजतो, दुसरा आशियाई चषक. दोघांचं माप अपुरं आहे.

करंडक चार मिळाले, ते नाकारायचं कारण नाही. २०२१ ची सॅफ स्पर्धा (दक्षिण आशियाई देशांची) मालदीवमध्ये जिंकली. २०२३ मध्ये इम्फाळची तिरंगी स्पर्धा, भुवनेश्वरचा इंटरकॉन्टिनेंटल चषक आणि बंगळुरूची सॅफ ओळीने आली, संघ फिफाच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या शंभरात गेला. पण २०२३ ची तिन्ही यशं घरच्या मैदानावरची. परक्या मैदानावरही चांगले दिवस आले: सप्टेंबर २०१९ मध्ये कर्णधार आणि मुख्य गोल करणारा सुनील छेत्री याच्याशिवाय कतारमध्ये ०-० आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतमध्ये १-०. मात्र जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया, तिघांकडूनही हार, आणि तीन सामन्यांत गोल शून्य.

खरी गोम निकालात नाही, घड्याळात आहे. विश्वचषक पात्रतेचे तीन सामने शेजारी ठेवून पाहा. २०१९, गुवाहाटी, ओमान: १-० आघाडी, ८२ व्या आणि ९० व्या मिनिटाला गोल खाल्ले. मार्च २०२४, पुन्हा गुवाहाटी, अफगाणिस्तान: १-० आघाडी, ७० आणि ८८. जून २०२४, दोहा, कतार: १-० आघाडी, ७३ आणि ८५. तिन्ही वेळा १-२. कतारच्या पहिल्या गोलआधी चेंडू रेषेबाहेर गेला होता, तो अन्याय खराच, आणि त्याचा राग अजून जात नाही. पण दुसऱ्या गोलाचा दोष रेफ्रीवर टाकता येत नाही. शिवाय कतारने आधीच पुढची फेरी गाठलेली असल्याने नवखी पोरं उतरवली होती, आणि अफगाणिस्तानचेही बरेच नेहमीचे खेळाडू संघटनेवरच्या बहिष्कारामुळे आलेच नव्हते.

आघाडी टिकवणारा संघ दमला की मधली फळी मागे सरकून बचावाला चिकटते. पेनल्टी बॉक्ससमोर मोकळा पट्टा राहतो, बाहेर मारलेला प्रत्येक चेंडू पुन्हा समोरच्याच्याच पायात पडतो, आणि शेवटी दमलेला बचावपटू उशिरा पाय घालतो. यावर उपाय साठाव्या ते पासष्टाव्या मिनिटाला करायचा असतो: मधल्या फळीत एक ताजा धावणारा आणि पुढे चेंडू धरून ठेवणारा एक. गोल खाल्ल्यावर केलेला बदल निव्वळ धावपळ ठरतो. एकदा झालं तर दुर्दैव म्हणू. पाच वर्षांच्या अंतराने तेच घडलं, म्हणजे त्यावर काम झालं नाही.

गोल कोण करणार, याचं उत्तरही छेत्रीपलीकडे सापडलं नाही. जून २०२२ च्या कोलकात्यातल्या आशियाई चषक पात्रता फेरीत आठपैकी चार गोल त्याचेच. इथे सगळा दोष स्टिमॅक यांचा नव्हे. आयएसएल या देशातल्या व्यावसायिक लीगचे बहुतेक क्लब पुढच्या जागेवर परदेशी खेळाडू घेतात, मग राष्ट्रीय संघाला स्ट्रायकर मिळणार कुठून?

नेतृत्वाबद्दल थोडक्यात. खेळाडूंची बाजू ते जाहीरपणे घेत, पासिंगचा खेळ सोडायला तयार नसत, हे त्यांचं बळ. पण २०२३ च्या सॅफमध्ये पाकिस्तान आणि कुवेतविरुद्ध दोन लाल कार्डं घेतली, आणि त्यामुळे उपांत्य व अंतिम सामन्यात बाकावरून संघ सांभाळला तो सहाय्यक प्रशिक्षक महेश गवळीने. मैदानाबाहेर बसलेला प्रशिक्षक बदली खेळाडू कधी उतरवायचा हे हेरू शकत नाही. हा उतावीळपणा महागात पडणारा आहे.

सोलापुरातल्या शाळांनी आणि मंडळांनी प्रशिक्षक नेमताना हीच तपासणी करावी. त्याच्या आधीच्या संघाच्या दहा सामन्यांचे स्कोअरशीट मागून घ्या. प्रत्येक गोलासमोर मिनिट लिहा, प्रतिस्पर्धी आणि मैदान लिहा. शेवटच्या पाव वेळेत खाल्लेले गोल वेगळे काढा, गोल करणारी पोरं किती ते मोजा, आणि पहिली बदली कोणत्या मिनिटाला झाली ते पाहा. आपल्याकडच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात तर ती बदली आणखी दहा मिनिटं आधी व्हायला हवी. मिनिटांची नोंदच ठेवलेली नसेल, तर त्या उमेदवाराला तेही विचारा की मग सराव कशावरून ठरवता.