लिस्बनमधलं घर पुण्यात बसून ठरवताना डिपॉझिट कसं बुडतं

पोर्तुगालच्या डी-८ व्हिसाला, म्हणजे रिमोट काम करणाऱ्यांच्या व्हिसाला, अर्जासोबतच राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो. बहुतेकदा वर्षभराचा भाडेकरार मागतात. घर बघायला व्हिसा हवा आणि व्हिसाला घर हवं, या पेचावरच ठगांचा धंदा चालतो. शिवाय तिथल्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न दाखवावं लागतं, त्यामुळे अर्जदाराकडे पैसे आहेत हेही त्यांना ठाऊक असतं. फसलेल्याला मूर्ख ठरवू नका. अपॉइंटमेंटची तारीख डोक्यावर असली की भलेभले घाई करतात.

प्रकार साधारण असा घडतो. मध्यवर्ती वस्तीतला टी-वन, म्हणजे एका बेडरूमचा फ्लॅट. भाडं ८५० युरो, वीज-पाणी त्यातच. मालक म्हणे नोकरीसाठी दुसऱ्या देशात. न मागताच तो पासपोर्टची प्रत पाठवतो. ती आधी फसलेल्या कुणाची तरी असू शकते, आणि तुम्ही पाठवलेली प्रत पुढच्या सावजाला दाखवली जाऊ शकते. मग सही केलेला करार येतो. एक महिन्याचं भाडं आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट मिळून २,५५० युरो भरले की चावी कुरिअरने येणार असते. कायद्याने जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं आगाऊ आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट घेता येतं. मुरलेला ठग या मर्यादेतच मागतो, म्हणून रक्कम रास्त वाटली तरी निर्धास्त होऊ नका. पैसे पोचल्यावर करारनोंदणीची स्टॅम्प ड्यूटी मागितली जाते. ही ड्यूटी एका महिन्याच्या भाड्याच्या १० टक्के असते, इथे ८५ युरो, आणि ती घरमालकाने भरायची असते.

फोटो मोठे करून भिंतीवरचे सॉकेट बघा. पोर्तुगालमध्ये ते खोलगट, दोन गोल भोकांचे असतात. तीन चौकोनी भोकांचं ब्रिटिश सॉकेट दिसलं, तर ते घर लिस्बनचं नाही असंच समजा. व्हिडिओ कॉल रस्त्यावरून सुरू करायला लावा: इमारतीचा नंबर, जिना, दार, मग खिडकीतून पुन्हा तोच रस्ता, मध्ये कॉल न तोडता.

पण भाडेकरूसुद्धा घरात फिरवून दाखवू शकतो, म्हणून मालकी तपासणं सगळ्यात महत्त्वाचं. मालकाकडे 'सेर्तिदांव पेर्मनेन्त' या मालमत्ता-नोंदीच्या उताऱ्याचा कोड मागा. पीडीएफ चालणार नाही; कोड सरकारी संकेतस्थळावर स्वतः टाका. कोड नसेल तर मालमत्तेचा नोंदणी क्रमांक घेऊन १५ युरोंत उतारा तुम्हालाही काढता येतो. त्यावरचं मालकाचं नाव, करारातलं नाव आणि बँक खातेदाराचं नाव एकच हवं. पोर्तुगीज खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक, 'पीटी५०' ने सुरू होतो आणि २५ अक्षरांचा असतो. दुसऱ्या देशातलं खातं दिलं तर तिथेच थांबा. भारतातून स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, पैसे पाठवताना बँक नाव जुळवून बघेलच, या भरवशावर राहू नका.

पैसे गेलेच, तर त्याच दिवशी बँकेला व्यवहार परत बोलावण्याची लेखी विनंती द्या, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, आणि लिस्बनच्या पोलिसांकडेही. तो करार व्हिसाच्या फाइलमध्ये चुकूनही लावू नका. बनावट कागदावरून अर्ज फेटाळला गेला, तर पुढच्या अर्जातही तो नकार सांगावा लागू शकतो.