आचऱ्याच्या खाडीतली पक्षी बघायची होडी : थंडीची वाट बघू नका, पितृपक्षातच जा

मालवण तालुक्यात आचऱ्याला खाडीत होडीतून पक्षी दाखवणारे एक काका आहेत, त्यांच्या घरीच राहायची पण सोय आहे, दोन्हीबद्दल लिहितोय कारण इकडे येणारी बहुतेक मंडळी तारकर्लीला स्कूबा करून परत जातात आणि पक्ष्यांसाठी कोणी आलंच तर डिसेंबरात येतं. मी म्हणतो गणपती झाले, चाकरमानी मुंबईला परत गेले की लगेच या. खोल्या रिकाम्या असतात, पावसाळ्यात बंद ठेवलेल्या बोटी सुरू झालेल्या असतात आणि मुख्य म्हणजे पाहुणे पक्षी नुकतेच उतरत असतात.

आपल्याकडे पक्षी सप्ताह ५ ते १२ नोव्हेंबर, वनअभ्यासक-लेखक मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून पक्षीतज्ज्ञ सलीम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, त्यामुळे लोकांना वाटतं सीझन तेव्हाच सुरू होतो. पण किनाऱ्यावरचे चिखलात चरणारे पक्षी ऑगस्ट संपता संपताच यायला लागतात, आधी मोठे येतात आणि त्या वर्षीची पिल्लं मागून. सप्टेंबरात दिसणाऱ्या सँड प्लोव्हर या छोट्या किनारी पक्ष्यांपैकी काहींच्या छातीवर विणीच्या हंगामातला विटकरी रंग अजून शिल्लक असतो, डिसेंबरात तेच पक्षी नुसते मातकट-पांढरे. लेसर सँड प्लोव्हर म्हणायचो ना आपण, त्याचे ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवायची वेबसाइट) २०२३ मध्ये सायबेरियन आणि तिबेटन असे दोन झाले, आपल्या बाजूला येतो तो मुख्यतः तिबेटनवाला. हिमालयापलीकडच्या पठारावर उन्हाळा काढलेला मूठभर जीव आचऱ्याच्या चिखलात चार पावलं पळतो, थांबतो, टोच मारतो, परत पळतो, हे बघायला मिळतं ते सुद्धा जवळून.

आता जवळून कसं, तर त्यासाठीच या काकांचे पैसे. बाकी बोटवाले विचारतात किती वाजता येणार, हे विचारतात कुठल्या तिथीला येणार! तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, हा आपल्या दर्यावर्दी लोकांचा जुना हिशोब, म्हणजे द्वादशीला साधारण नऊ वाजता पाणी पूर्ण भरणार. आम्हाला त्यांनी पंचमीचं बुकिंग सरळ नाही म्हणून सांगितलं, कारण पंचमीला सकाळभर ओहोटी, चिखल उघडा पडतो नि पक्षी लांबवर पांगतात. द्वादशीला बोलावलं, उजाडता उजाडता होडी काढली, तिवरांच्या कडेने थोडं पुढे गेल्यावर मशीन बंद केलं आणि वाशाने ढकलत एका वाळूच्या पट्ट्याजवळ लावली. आमच्यातल्या एकाने अजून पुढे न्या म्हटलं तर म्हणाले, "गप बसा जरा, पाणी चढला काय ती आपसूक हयसर येतली." आणि खरंच, पाणी चढत गेलं तसा चिखल कमी कमी होत गेला आणि आधी लांब असलेले टिलवे, तुतवार, प्लोव्हर असे चिखलात चरणारे पक्षी सगळे सरकत सरकत आमच्या बाजूच्या पट्ट्यावर आले, आम्ही जागचे हललो पण नाही.

एक विंब्रेल, म्हणजे लांब खाली वाकलेल्या चोचीचा पक्षी, तर एवढा जवळ आला की ८ बाय ४२ च्या दुर्बिणीत त्याच्या डोक्यावरचे पट्टे स्वच्छ दिसत होते (त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या कर्ल्यूला हे पट्टे नसतात आणि त्याची चोच बरीच लांब असते, नवीन लोकांनी एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे). त्याने बिळातून एक नांगीवाला खेकडा ओढून काढला, चोचीत धरून जोरजोरात झटकला, नांगी तुटून बाजूला पडली, मग पाण्यात बुचकळला आणि गिळला. त्यानंतर टेरेक सँडपायपर, केशरी पाय आणि चोच वर वळलेली, कोणीतरी मागे लागल्यासारखा पळत होता. पलीकडे सुरूच्या झाडावर काकण बसलेला, म्हणजे आपला समुद्री गरुड, तो बारमाही इथलाच पण त्याच्याकडे बघून मन भरत नाही.

या पक्ष्यांना उडवायचं नाही हा काकांचा नियम आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. हजारो किलोमीटर उडून आल्यावर अंगातली चरबी संपलेली असते, काहींना इथून अजून पुढे जायचं असतं, भरतीच्या वेळी विसावा घ्यायला कोरडी जागा तेवढीच, तिथून परत परत उठवलं तर खाल्लेलं सगळं उडण्यातच जातं. त्याच सकाळी दुसरी एक बोट मोठ्याने गाणी लावून थेट पट्ट्यावर आली, उडता थवा फोटोत यावा म्हणून, आणि सगळे पक्षी उठले ते लवकर परत बसलेच नाहीत. फार वाईट वाटलं. बोट ठरवताना आधी विचारा की पक्षी उडवणार का, हो म्हणाले तर दुसरी बघा.

कमी काय आहे ते पण सांगतो. ओळखायला म्हणून जे लॅमिनेटेड कार्ड हातात देतात त्यात फक्त थंडीतल्या रंगाचे फोटो आहेत, सप्टेंबरात येणाऱ्याचा गोंधळ होतो, काकांना सांगितलंय, नवीन करतो म्हणाले. लाइफ जॅकेट घालायला लावतात हे चांगलं पण ती ओली होती. होडीला छत नाही, नऊनंतर ऊन भाजतं. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवर लावायची एका डोळ्याची दुर्बीण) होडीत हलतो, त्याचा उपयोग नाही, दुर्बीणच न्या आणि पावसाची सर आली तर ती ठेवायला घट्ट झाकणाचा डबा.

माणशी ७०० रुपये, तीन तास, पाच जणांपेक्षा जास्त घेत नाहीत. परत आल्यावर काकूंच्या हातचे घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, याचे पैसे वेगळे पण नक्की खा. खोली साधी आहे, स्वच्छ आहे, पंखा चालतो, बस.

दुपारी झोप काढून चार वाजता सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर जा, रिक्षा काका सांगतात. गवत अजून हिरवं असतं, धोबी आलेले असतात, तारांवर माळभिंगऱ्या, आणि नशीब असेल तर युरोपियन रोलर, नीलकंठाचा निळा भाऊबंद, मध्य आशियाकडून आफ्रिकेला जाताना थोडे दिवसच थांबतो, नोव्हेंबरात येणाऱ्यांना तो बहुतेक मिळत नाही. ढग गडगडायला लागले की मात्र सड्यावर थांबू नका, तिथे आडोसा नाही.

बुकिंगला फोन संध्याकाळी सातनंतर लावा, दिवसा काका पाण्यात असतात, आणि तारीख सांगण्याआधी कालनिर्णयात तिथी बघून ठेवा, ते पहिलं तेच विचारणार.