कागदी पट्ट्या विणून ग्रीटिंग कार्ड करायचं किट: घेताना आधी पट्ट्या तपासा

महिनाभर वापरून मग लिहितेय, कारण पहिल्या दिवशी लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं. किटमध्ये घडीची ए६ साइजची (१०५ बाय १४८ मिमी) सहा कार्डं, प्रत्येकाच्या पुढच्या पानावर ८ सेंमीची चौकोनी खिडकी कापलेली, सोबत ५ मिमीच्या रंगीत पट्ट्या आणि ए६ कार्ड मावेल अशी सी६ पाकिटं. कार्डाचा कागद ३०० जीएसएमचा (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आहे आणि घडीची रेघ आधीच दाबून दिलीय त्यामुळे कार्ड टेबलावर ताठ उभं राहतं, विणलेला भाग जाड होऊनही पाकिटात सहज जातं. इथपर्यंत पैसे वसूल.

आता पट्ट्या. निळ्या आणि पांढऱ्या इतक्या छान आहेत की टोक नुसतं ढकललं तरी सरसर पुढे जातं, एक वर एक खाली, कुठेच अडत नाही. मरून पट्ट्या मात्र हातात धरल्या की मान टाकतात आणि उसवून परत घातल्या तर वाकलेल्या जागी कागद फुटतो. जीएसएम सगळ्यांचा १२०च, मग फरक कशाचा तर ग्रेनचा, म्हणजे कागदातल्या तंतूंच्या दिशेचा. मशीनवर कागद बनतो तेव्हा तंतू बहुतेक एकाच दिशेला लागतात, त्या दिशेने लांब पट्टी कापली तर ताठ राहते, आडवी कापली की लुळी पडते. शेवटी मी घरातला मरून कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघितला, ज्या बाजूने सहज वाकला त्या वाकाला समांतर पट्ट्या कापल्या, स्टीलची मोजपट्टी आणि कटर घेऊन, आणि कार्ड एकदम नीट झालं.

माहितीपत्रकात प्रत्येक पट्टीला खालून गोंद लावा असं लिहिलंय, ते अजिबात करू नका. गोंदातलं पाणी पिऊन कागद रुंदीत फुगतो आणि घट्ट विणलेला चौकोन मधेच उचलला जातो. मैत्रिणीसाठी केलेलं पहिलं कार्ड असंच वाया गेलं, खूप वाईट वाटलं. फक्त टोकं मागून मास्किंग टेपने चिकटवा, बास. आणि ८ सेंमीत ५ मिमीच्या १६ पट्ट्या बसतील असा हिशोब पत्रकात आहे पण पट्टीला वरखाली व्हायला जागा लागतेच ना, १५च घाला. मागची टोकं झाकायला कोरा कागद दिलेला नाही, तो स्वतः लावावा लागतो नाहीतर आत लिहिताना हात अडकतो.

सात वर्षांच्या भाचीला दिलं होतं. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने १९व्या शतकात किंडरगार्टन सुरू केलं त्यात मुलांना कागद विणायला देत, ते का हे तिच्याकडे बघून कळलं: चुकलेली ओळ तिने स्वतः बोटाने मोजत शोधली, तीन ओळी उसवल्या आणि परत विणल्या. मी स्वतः दोन वर दोन खाली, दर ओळीला एक पट्टी सरकवत केलं, जीन्सवर दिसतात तशा तिरप्या रेषा आल्या, ते मला सगळ्यात आवडलं.

निळं-पांढरं किट डोळे झाकून घ्या. मरून असलेलं घेतलंत तर आल्या आल्या एक पट्टी टोकाला धरून बघा, वाकून लोंबली तर लगेच परत करा.