मागून आवाज येतो, म्हणजे सराउंड झालं असं नाही

होम थिएटर विकणारा गिऱ्हाइकाला मधोमध बसवतो, आवाज चढवतो आणि विचारतो, "मागून येतोय ना?" येत असतोच. गिऱ्हाईक मान डोलावतं, पैसे देतं, आणि बहुतेक फसवणुका त्या एका प्रश्नातच उरकतात. मागच्या स्पीकरमधून काहीतरी ऐकू येणं ही वायर जोडण्यापुरती गोष्ट आहे. मागच्या स्पीकरसाठी वेगळा मिक्स केलेला आवाज तिथूनच आणि तिथूनच येणं याला सराउंड म्हणतात. त्यासाठी सिग्नलमध्ये सहा स्वतंत्र चॅनल यावे लागतात आणि ते उलगडणारा डीकोडर यंत्रात असावा लागतो.

खोक्यावर ठळक ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) छापलेल्या कित्येक संचांत हा डीकोडरच नसतो. यंत्र उलटं करून मागची बाजू बघा. लाल-पांढऱ्या आरसीए सॉकेटची एक जोडी, गाण्यांचा पेन ड्राइव्ह लावायला यूएसबी, आणि ब्लूटूथ, एवढंच असेल तर आत येणारा आवाज स्टीरिओ आहे. आतलं साधं सर्किट तोच डावा-उजवा आवाज पाच स्पीकरना वाटतं: सेंटरला दोन्हींची बेरीज, मागच्यांना पुढच्यांचीच नक्कल, आणि सबवूफरला खालचा, बेसचा भाग. म्हणून अशा संचावर पात्र समोर बोलत असतं आणि त्याचा आवाज तुमच्या मानेमागूनही येतो. काही संचांना आरसीएच्या तीन जोड्या असतात. तिथे सहा चॅनल खरोखर आत जाऊ शकतात, पण तसे सहा वेगळे ॲनालॉग आउटपुट देणारा प्लेअर असेल तरच. टीव्हीला ॲनालॉग आवाजाचं आउटपुट असलंच तर ते स्टीरिओ असतं. विकणारा इथे खोटं बोलत नाही. तो फक्त गप्प बसतो.

याची खातरजमा पाच मिनिटांत होते, पण इथेही एक मेख आहे. अनेक यंत्रांच्या मेनूत 'टेस्ट टोन' असतो. तो लावला की फ्रंट लेफ्ट, सेंटर, फ्रंट राइट असा एकेक स्पीकर शिस्तीत खरखरतो आणि बघणाऱ्याची खात्री पटते. तो आवाज यंत्रच तयार करतं. त्यातून फक्त वायरी बरोबर जोडल्यात एवढं सिद्ध होतं, डीकोडर आहे की नाही ते अजिबात नाही. चाचणी बाहेरून द्यायची. ५.१ ची चॅनल-चाचणीची फाइल किंवा डिस्क एचडीएमआय अथवा ऑप्टिकल वाटेने लावा. "सराउंड लेफ्ट" असं ऐकू आलं की उरलेले सगळे स्पीकर गप्प हवेत. प्रत्येकाजवळ कान नेऊन बघा. पुढूनही तेच ऐकू येत असेल तर तुमच्यासमोर पाच तोंडांचा स्टीरिओ आहे.

चांगला रिसीव्हर (डीकोडर आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेलं यंत्र) घेऊनही हीच गत होऊ शकते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम' वर असेल तर बरेच टीव्ही रिसीव्हरकडे दोनच चॅनल धाडतात. टीव्हीने आवाज न उलगडता जसाच्या तसा पुढे पाठवावा म्हणून ते 'बिटस्ट्रीम', 'पास-थ्रू' किंवा 'ऑटो' असं काहीतरी हवं. नाव कंपनीगणिक बदलतं. घाईतला इन्स्टॉलर त्या मेनूत शिरतच नाही. रिसीव्हर 'ऑल चॅनल स्टीरिओ'वर टाकतो, सगळीकडून आवाज येतो, आणि तो निघून जातो. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर किंवा इन्फो स्क्रीनवर आत येणारा फॉरमॅट दिसतो. ५.१ चा चित्रपट चालू असताना तिथे 'पीसीएम २.०' दिसलं तर इन्स्टॉलरला दारातून परत बोलवा.

ॲटमॉसचा (डोक्यावरूनही आवाज आणणाऱ्या डॉल्बीच्या पद्धतीचा) स्टिकर हा आणखी एक प्रकार. ऑप्टिकल केबलमधून दोन चॅनलचा पीसीएम किंवा साधं डॉल्बी डिजिटल नि डीटीएस जातं. ॲटमॉस ज्यात बसून येतं ते डॉल्बी डिजिटल प्लस आणि ट्रूएचडी त्यातून जातच नाही. तेव्हा टीव्हीकडून आवाज घ्यायला फक्त ऑप्टिकल सॉकेट आणि खोक्यावर 'ॲटमॉस', अशी जोडी दिसली की पुढचं बोलणं थांबवावं. स्ट्रीमिंगमधल्या ॲटमॉसला एचडीएमआयचं एआरसी (टीव्हीचा आवाज त्याच केबलने रिसीव्हरकडे परत नेणारी सोय) चालतं, बशर्ते टीव्ही आणि रिसीव्हर दोघेही ते पुढे जाऊ देत असतील. टीव्हीमार्गे ट्रूएचडी न्यायचं तर त्याची सुधारित आवृत्ती, ई-एआरसी लागते.

वॉटच्या आकड्यांबद्दल फार लिहीत नाही, कारण त्यात समजून घेण्यासारखं फारसं काही नाही. पीएमपीओला, म्हणजे खोक्यावर छापलेल्या क्षणभराच्या कमाल ताकदीच्या आकड्याला, कुठलंही ठरलेलं मोजमाप नाही. छापणाऱ्याला वाटेल तो आकडा तो छापतो. मागच्या लेबलवर यंत्र किती वीज घेतं ते लिहिलेलं असतं. ६० वॉट घेणारं यंत्र सलग ५,००० वॉट देऊ शकत नाही, ६० सुद्धा देऊ शकत नाही. नावाजलेल्या रिसीव्हरचा आकडा वेगळ्या पद्धतीने फुगवलेला असतो: एकच चॅनल चालू, ६ ओहमचा (कमी रोधाचा) स्पीकर, फक्त १ किलोहर्ट्झ, १० टक्के विकृती. याच यंत्राचा खाली बारीक अक्षरात दुसरा आकडा असतो: दोन चॅनल चालू, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.१ टक्क्याच्या आत विकृती. तुलना करायची ती या दुसऱ्याची. आकड्यांचा हा खेळ इतका जुना आहे की अमेरिकेत ॲम्प्लिफायरचे वॉट कसे सांगायचे याचा नियम १९७४ सालीच करावा लागला.

शिवाय एवढे वॉट लागतात कुणाला? ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर १ वॉटमध्ये १ मीटरवर ८८ डेसिबल देतो. मोकळ्या जागेत ३ मीटरवर ते साधारण साडेनऊने उतरतात, खोलीच्या भिंती त्यातलं थोडं परत देतात. घरात बोलण्याचे प्रसंग एका वॉटच्या आतच भागतात. वॉट दुप्पट केले तर वाढतात ३ डेसिबल, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला वॉट दसपट लागतात. म्हणजे ५० वॉटच्या जागी १०० वॉट घेतले तर फरक जेमतेम जाणवतो. सेन्सिटिव्हिटी सांगता येत नाही म्हणणाऱ्या विक्रेत्याने सांगितलेल्या वॉटांना अर्थ नाही.

आता स्पीकरची पेटी. गाडीतून विकले जाणारे, "गोदामातून चुकून दोन जास्त आलेत" म्हणत गळ्यात मारले जाणारे उंच टॉवर स्पीकर हा जगभर मुरलेला धंदा आहे. सोबत गुळगुळीत माहितीपत्रक आणि त्यावर भरमसाट छापील किंमत असते. पण दुकानात मांडलेल्या पेट्यांतही तोच माल सापडतो. जाळी काढा. चार गोल दिसतील: खालच्या सुरांचे दोन वूफर, मधल्यांचा एक मिडरेंज, वरच्यांचा एक ट्विटर. बऱ्यापैकी आवाजात काहीतरी लावा आणि पुठ्ठ्याची नळी कानाला लावून एकेका गोलासमोर धरा. नुसत्या कानाला शेजारचा आवाज फसवतो, नळीला नाही. एखादा गोल मुका निघतो. बोट हलकेच टेकवलं तर तो कोन दबतही नाही, कारण तो प्लॅस्टिकचा मुखवटा नुसता चिकटवलेला असतो. मग पोर्टच्या भोकातून टॉर्च मारून आत बघा. धड पेटीत अस्तर म्हणून लोकर किंवा फोम दिसतो, आडव्या पट्ट्या दिसतात, आणि वेटोळ्यांची कॉइल नि कपॅसिटर बसवलेली क्रॉसओव्हरची, म्हणजे सूर वेगवेगळ्या गोलांना वाटून देणारी पाटी दिसते. नकलीत उघडं पार्टिकल बोर्ड, दोन बारीक वायरी, ट्विटरच्या पायाला डकवलेला एकच कपॅसिटर. पेटी उचलून "जड आहे, म्हणजे चांगली असणार" हा निकषही टिकत नाही, कारण तळाशी सिमेंटचा गठ्ठा चिकटवून वजन वाढवलेल्या पेट्या निघाल्या आहेत. उचलण्यापेक्षा बोटाच्या पेराने बाजू ठोकून बघा. भरीव 'ठक' हवा. खोक्यासारखा घुमला तर ती पेटी स्वतःच गाणार.

मल्टिमीटर असेल तर आणखी एक तपासणी. ८ ओहमचा म्हणून विकलेला स्पीकर डीसीला साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवतो. तीन-साडेतीन दाखवला तर तो ४ ओहमचा आहे, आणि रिसीव्हर ते ओझं पेलत नसेल तर जोराच्या प्रसंगाला 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडेल. मात्र एवढ्यावरून ट्विटर जिवंत आहे असं समजू नका. त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो, डीसी तिथे पोचतच नाही.

छोट्या, तळहाताएवढ्या सॅटेलाइट स्पीकरांचे संच खोटे नसतात, पण त्यांच्याबद्दल अर्धंच सांगितलं जातं. तीन इंची कोन साधारण १५०–२०० हर्ट्झच्या खाली दम तोडतो. राहिलेला सगळा भाग सबवूफरवर ढकलावा लागतो. सबवूफर कुठे ठेवलाय ते कानाला कळू नये म्हणून त्याची हद्द ८० हर्ट्झच्या आसपास ठेवतात. ती २०० वर नेली की पुरुषी आवाजाचा खर्ज कोपऱ्यातल्या डब्यातून यायला लागतो. डेमोत हे कळत नाही, कारण डेमोत कुणी बोलतच नाही: स्फोट, हेलिकॉप्टर, स्फोट. तुम्ही दोन माणसं हळू आवाजात बोलताहेत असा प्रसंग लावायला सांगा. दोन संचांची तुलना असेल तर आवाज सारखा ठेवायला लावा. फोनवरचं डेसिबल ॲप तेवढ्याला पुरतं. एखाद-दोन डेसिबलने मोठा असलेला संच कानाला 'मोठा' नव्हे, 'चांगला' वाटतो, आणि हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

वायरीत होणारी लबाडी भिंत बंद झाल्यावर कुणालाच दिसत नाही. 'कॉपर' म्हणून घातलेली वायर पुष्कळदा सीसीए असते, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा. एक तार घेऊन ब्लेडने खरवडा. वर लाल आणि आत पांढरी निघाली तर सीसीए. वर पांढरी आणि आत लाल असेल तर ते कल्हई केलेलं तांबं, ते चालतं. या दोन उलट गोष्टींची गल्लत करून चांगली वायर परत करणारेही असतात. सीसीएचा रोध तितक्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून जास्त, शिवाय वाकवली की तार तुटते आणि स्क्रूखाली सैल पडत जाते. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याला १० मीटरच्या फेरीत, जाऊन-येऊन, जेमतेम ०.१५ ओहम रोध होतो. ८ ओहमच्या स्पीकरला ते नगण्य आहे. त्याहून महाग, सापाच्या कातडीसारख्या वेष्टनाची केबल घ्यायला लावणं ही दुसऱ्या टोकाची फसवणूक.

आणि बसवणं. सगळे पाचही स्पीकर छतात बसवून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. त्याला वायरी सोप्या पडतात, तुम्हाला संवाद डोक्यावरून ऐकावे लागतात. पुढच्या तिन्ही स्पीकरचे ट्विटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीजवळ हवेत. सेंटर टीव्हीखाली ठेवावा लागला तर पुढची कड उचलून त्याचं तोंड कानाकडे करायचं. बसायची जागा ३ मीटरवर असेल तर डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये २.४ ते ३.५ मीटर अंतर हवं. त्यातून मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजूला २२ ते ३० अंशांचा कोन साधतो. ५.१ मधले सराउंड बाजूला, खुर्चीच्या रेषेपासून किंचित मागे, समोरून मोजलेल्या ११० अंशांच्या आसपास. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर मागच्या भिंतीच्या लांबच्या कोपऱ्यांत ते टांगण्यापेक्षा बाजूच्या भिंतीवर कानापेक्षा थोडे वर बरे. छतावर आवाज उडवणाऱ्या ॲटमॉस स्पीकरांना सपाट, कडक आणि बेताच्या उंचीचं छत लागतं. उतरतं छत किंवा आवाज शोषणाऱ्या टाइल असतील तर ते विकत घेऊन उपयोग शून्य.

सबवूफरची जागा रिकाम्या कोपऱ्यावरून ठरवू नये. तो तात्पुरता तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेस असलेलं काहीतरी लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे बेस एकसारखा, न घुमता ऐकू येतो ती त्याची जागा. बसवणाऱ्याला हे करायला वेळ नसतो, तुम्ही करा.

कॅलिब्रेशनचा, म्हणजे रिसीव्हरला खोलीनुसार स्पीकरची अंतरं नि पातळी ठरवून देणारा माइक हातात धरून दोन मिनिटांत उरकलं तर ते झालंच नाही असं धरा. माइक स्टँडवर, कानाच्या उंचीवर, पंखा बंद, सहा-आठ जागा. पंधरा-वीस मिनिटं जातात. मग मेनूतली अंतरं टेपने पडताळा. सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दिसतं, ते त्याच्या आतल्या विलंबामुळे, त्यात चूक नाही. डाव्याचं अंतर उजव्याहून मीटरभर वेगळं दिसलं, किंवा एखाद्या स्पीकरची पातळी अगदी टोकाला जाऊन बसली, तर काहीतरी चुकीचं जोडलेलं असू शकतं. लाल-काळं अदलाबदल झालं असेल तर दोन स्पीकरमधला मधला आवाज विरघळल्यासारखा पसरतो आणि बेस पातळ होतो. वूफरच्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवून बघता येतं: धन टोक लालला लावल्यावर कोन बाहेर यायला हवा. मात्र हे करताना ती वायर ॲम्प्लिफायरमधून काढलेली असली पाहिजे.

फॉल्स सीलिंग किंवा पॅनेल बंद होण्याआधी प्रत्येक वायरीचा फोटो काढून ठेवा, वेष्टनावरची छपाई आणि मधले जोड दिसतील असा. भिंतीत पिळून टेप गुंडाळलेला जोड दिसला तर ती वायर सलग एका तुकड्यात बदलून घ्या, आणि रिसीव्हर नि सबवूफरचा मागच्या पट्टीवरचा अनुक्रमांक पावतीवरच्या आकड्याशी जुळतो का ते शेवटचा हप्ता देण्याआधी बघा.