सहा फुटी माणूस, चार मीटरची गाडी: मागे झोपायचे तर कोणती रचना निवडावी?

रात्री साताऱ्यातून निघून ठोसेघर किंवा बामणोली गाठायचे, गाडीतच झोपायचे आणि उजाडताना जागेवर हजर असायचे, हा बेत साडेपाच फुटी माणसासाठी सोपा आहे. मागची सीट पाडली, वर वाकळ टाकली की झाले. सहा फूट आणि त्याहून उंच माणसांचे तसे नाही. ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, सॉनेट या गाड्यांची लांबी कराच्या नियमामुळे चार मीटरच्या आत ठेवलेली असते. त्यातून बॉनेट, डॅशबोर्ड आणि पुढच्या सीट वजा केल्या की मागे साधारण दीड मीटर उरतो. सहा फूट म्हणजे 183 सेंटीमीटर. कमी पडणारे तीसेक सेंटीमीटर कुठून काढायचे, हा खरा प्रश्न. माझी उंची सहा फूट एक इंच, त्यामुळे या तीस सेंटीमीटरांचे मोल मला चांगले कळते.

आधी स्वतःला विचारा: तुम्ही उताणे झोपता की कुशीवर? कुशीवर झोपणारा गुडघे दुमडतो आणि त्याला लागणारी लांबी बरीच कमी होते. पुढचा सगळा निर्णय यावर फिरतो, तरी गादी विकत घेताना हा विचार फार थोडे लोक करतात.

तिरके झोपणे

सगळ्यांना सर्वात आधी सुचते ते हेच, कारण यात खर्च काहीच नाही. डिकीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप लावला तर आकडा छान येतो. 150 सेंमी लांब आणि 110 सेंमी रुंद जागेचा कर्ण 186 सेंमी भरतो. सहा फुटी माणूस मावला म्हणायचा! पण कर्ण ही रेघ आहे आणि माणसाला रुंदी असते. डोके कोपऱ्यात घातले की खांदे दोन्ही बाजूंना अडतात, पावलांचेही तेच. डोक्याची आणि पावलांची रुंदी धरून हिशेब केला तर त्याच जागेत सरळ झोपायला जेमतेम 160 ते 165 सेंमी मिळतात. म्हणजे तिरके झोपून फायदा होतो, पण टेप दाखवतो त्याच्या निम्माही नाही. त्यात चाकांवरचे उंचवटे डिकीच्या दोन्ही बाजूंनी आत आलेले असतात, तेही मोजायला हवेत.

कुशीवर झोपणाऱ्याने हाच मार्ग धरावा, दुसऱ्या कशावरही पैसे घालू नयेत. उताणे झोपणाऱ्याने याच्या नादी लागू नये. आणि दोघे असाल तर हा पर्याय आपोआपच बाद होतो.

पुढची सीट मागे पाडणे

डाव्या बाजूच्या पुढच्या सीटचे हेडरेस्ट काढायचे, सीट पुढे सरकवायची आणि पाठ मागच्या सीटला टेकेपर्यंत पाडायची. मागची सीट उभीच राहते. लांबी पुरते, पण पृष्ठभाग कुठेच सपाट नसतो. कमरेखाली खड्डा, मांडीखाली उंचवटा. खंबाटकी उतरून आल्यावर तासभर डोळा लावायला ठीक आहे, रात्रभरासाठी नाही.

डाव्या बाजूला फळी

उंच माणसाने एकट्याने जायचे असेल तर माझे मत स्पष्टपणे या पर्यायाला. कारण हवे असलेले सेंटीमीटर डिकीत नाहीत, ते पुढच्या सीटच्या रुळांवर आहेत. डावी सीट पूर्ण पुढे सरकवून तिची पाठ पुढे कलती केली, की डिकीच्या दारापासून त्या पाठीपर्यंतची लांबी दीड मीटरवरून 175 ते 185 सेंमीपर्यंत जाते. गाडीनुसार फरक पडतो. पण मागच्या प्रवाशाच्या पायांसाठी असलेली जागा मध्ये खड्डा होऊन राहते. तो भरून काढणे हेच फळीचे काम.

सुताराकडे आठ बाय चारचा प्लाय असतोच. त्यातून सहा फूट बाय दोन फुटांची फळी काढून घ्या आणि मधोमध कापून बिजागरी लावा, म्हणजे दिवसा दुमडून ठेवता येते. गाडीत सहा फूट भरत नसतील तर फळी तेवढी आखूड करा. 12 मिमीचा प्लाय अधांतरी भागात वाकतो, म्हणून खालून दोन लाकडी पट्ट्या मारायला सांगा आणि पायांच्या जागेतल्या खड्ड्यात नेमक्या उंचीचा खोका ठेवा. पाडलेली सीट बहुतेक गाड्यांत डिकीपेक्षा थोडी वर राहते. फळी त्या पायरीवरून जाणार, त्यामुळे डिकीच्या बाजूलाही तेवढाच टेकू लागतो. नाही तर रात्रभर माणूस उतारावरून घसरत राहतो.

वर फोम. साताऱ्यात कोणताही गादीवाला मापाने कापून देतो. कुशीवर झोपणाऱ्याच्या कमरेला आणि खांद्याला चार इंच लागतात, उताण्याला तीन पुरतात. फुगवायच्या गाद्या मी टाळतो. मागच्या सीटसाठी मिळणाऱ्या बहुतेक उंच माणसाला आखूड पडतात, आणि थंडीत त्यांच्या आतली हवा गार होऊन पाठ गारठते. फोमवर घोंगडी अंथरली तर डिसेंबरातही खालून थंडी येत नाही.

या रचनेचा आणखी एक फायदा मला मोठा वाटतो. ड्रायव्हरची सीट मोकळी राहते. रात्री पावसाने जोर धरला किंवा जागा बरी वाटली नाही, तर गाडीतून न उतरता पुढे जाऊन बसायचे आणि निघायचे.

डिकी उघडी ठेवून मागे तंबू

यात लांबीचा प्रश्नच उरत नाही, पाय बाहेर जातात. दोन उंच माणसांना चार मीटरच्या गाडीत हाच एक मार्ग आहे. पण तो आपल्या भागात फार कमी ठिकाणी चालतो. चाळकेवाडीच्या पठारावर वारा भरपूर म्हणून तर पवनचक्क्या उभ्या केल्या. तिथे असा तंबू रात्रभर फडफडतो. कोयनेच्या बाजूला गवा, अस्वल, बिबट्या आहेत, तिथे दार उघडे ठेवून झोपू नये. कास पठाराचा तर विचारही करू नका. पठार राखीव वनात आहे आणि पश्चिम घाटाबरोबर 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. गाडी लावायची ती ओळखीच्या हॉटेलच्या किंवा राहण्याची सोय करणाऱ्या घराच्या अंगणात, विचारून.

यवतेश्वर असो की बोरणे घाट, सपाट जागा शोधून गाडी लावा. थोडा उतार टळत नसेल तर डोके चढाकडे. तिरके झोपणाऱ्याला उताराचा त्रास दुप्पट होतो, कारण शरीर पायांकडे घसरते आणि एका बाजूला कलंडतेही.

रचना कोणतीही असो, दोन खिडक्या बोटभर उघड्या हव्यात. बंद गाडीत श्वासाची वाफ काचांवर साचते आणि पहाटे अंथरूण ओलसर लागते. दारांवर चढवायच्या जाळ्या मिळतात, त्यांनी डासांचा प्रश्न सुटतो. एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्याला तो जागे करत नाही.

गाडी अजून घ्यायची असेल तर

क्रेटा, सेल्टॉस, ग्रँड व्हिटारा या गाड्या 4.3 मीटरच्या पुढे आहेत, पण वाढलेले तीसेक सेंमी सगळे मागे येत नाहीत. केवळ झोपण्यासाठी तेवढे लाख जादा घालावेत असे मला वाटत नाही. त्याऐवजी शोरूमला टेप घेऊन जा. मागची सीट 60:40, म्हणजे दोन भागांत वेगवेगळी दुमडते की एकसंध आहे ते पाहा. स्वस्त व्हेरियंटमध्ये बऱ्याचदा ती एकसंध असते, मग उजवीकडे सामानाला जागा वेगळी करता येत नाही. काही गाड्यांत सीटचा खालचा भाग आधी पुढे उलटवून मग पाठ पाडायची असते. त्याने जमीन सपाट होते, पण उलटलेला भाग पंधरा-वीस सेंमी लांबी खातो, आणि उंच माणसाला तीच हवी असते. शेवटी डावी सीट टोकापर्यंत पुढे ढकलून डिकीच्या बंद दारापासून मोजा. उघड्या दारापासून घेतलेले माप दार लावल्यावर कमी भरते, कारण काच आतल्या बाजूला कललेली असते.