दोन मुलांचा आलेख एकच निघाला तेव्हा

आमचा मुलगा आठ वर्षांचा असून स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. कुकरची शिट्टी झाली किंवा मिक्सर सुरू झाला की तो दोन्ही तळहात कानांवर दाबून घराच्या दुसऱ्या टोकाला पळतो; मात्र पाठीमागून चार वेळा हाक मारली तरी वळून पाहत नाही. एकदा संध्याकाळी तो ट्यूबलाइटकडे बोट दाखवून ‘वाजतंय, वाजतंय’ म्हणत रडू लागला. आम्हाला कोणालाच काही ऐकू येत नव्हते. मी स्टुलावर चढून पट्टीजवळ कान नेला, तेव्हा चोकची अगदी बारीक गुणगुण ऐकू आली. त्याची तक्रार खरी असते हे मला त्या दिवशी कळले होते, आणि तरीही पुढे मी त्याच्यापेक्षा एका कागदावर अधिक विश्वास ठेवला.

गणेशोत्सवात पुण्यातील ढोल-ताशांच्या दणदणाटाने त्याची झोप पार उडाली. आम्ही हवालदिल झालो असतानाच एका केंद्राची जाहिरात व्हॉट्सअ‍ॅपवर आली, की दहा दिवसांत कानांची अतिसंवेदनशीलता कायमची जाते. तिथल्या बाईंनी मुलाला हेडफोन लावून दहा मिनिटांत ‘तपासणी’ उरकली आणि कोणत्या कंपनसंख्येचा आवाज त्याला किती तीव्र ऐकू येतो याचा एक आलेख माझ्या हाती ठेवला. त्यात २००० आणि ८००० हर्ट्झला दोन उंच सुळके होते. हे सुळके सपाट केले की आवाज टोचणार नाहीत आणि बोलणेही सुधारेल, असे त्यांनी ठामपणे सांगितले. रोज दोन वेळा अर्धा-अर्धा तास, असे दहा दिवस ठरावीक कंपनसंख्या गाळून टाकलेले संगीत ऐकवायचे होते, आणि त्याचे ४२,००० रुपये आगाऊ व रोखीने भरायचे होते. पावतीवर उपचाराचा उल्लेख नव्हता, फक्त ‘विकास कार्यक्रम’ असे लिहिले होते. तेव्हाच मी थांबायला हवे होते.

तिसऱ्या दिवशी त्याने माझे मनगट धरून माझा तळहात हेडफोनवरून स्वतःच्या कानावर दाबला. त्याला बोलून सांगता येत नव्हते ते त्याने हाताने सांगितले होते. मी बाईंना विचारले, तर ‘त्रास वाढला म्हणजे उपचार लागू पडतो आहे’ असे उत्तर मिळाले, आणि मी त्याचा हात बाजूला केला. ती गोष्ट आठवली की आजही माझे मन मला खाते. दहाव्या दिवशी सुळके नाहीसे झालेला नवा आलेख मिळाला आणि घरी वापरण्यासाठी हेडफोन व पेनड्राइव्ह आणखी १८,००० रुपयांना गळ्यात मारण्यात आले. मिक्सर लावताच मुलगा पूर्वीसारखाच पळत होता.

महिन्याभराने शाळेत दुसऱ्या एका आईने तिच्या सहा वर्षांच्या मुलीची त्याच केंद्राची फाइल दाखवली. सुळके त्याच जागी होते, प्रत्येक आकडा तोच होता. घरी येऊन आमचा कागद पुन्हा वाचला, तर लिंगाच्या रकान्यात ‘स्त्री’ असे छापलेले तसेच राहून गेले होते.

त्यानंतर आम्ही नोंदणीकृत श्रवणतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी बंद खोलीत, दोन भेटींत, सावकाश तपासणी केली. मुलाची श्रवणक्षमता सर्वसाधारण निघाली. अनेक स्वमग्न मुलांचे कान नेहमीसारखेच असतात, परंतु आलेला आवाज किती मोठा मानायचा आणि कोणता मागे सारायचा, हे मेंदू वेगळ्या रीतीने ठरवतो, असे त्यांनी समजावले. म्हणूनच पंख्याचा आवाज आणि आईची हाक त्याच्यापर्यंत एकाच वजनाने पोहोचत असाव्यात. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन केले, त्यातही मोठ्या आवाजांना घाबरणारी मुले आहेत.

आम्हाला विकलेल्या पद्धतीला ऑडिटरी इंटिग्रेशन ट्रेनिंग म्हणतात. फ्रान्समधील कान-नाक-घसातज्ज्ञ गी बेरार यांनी ती मांडली, आणि सुळके सपाट करण्याची कल्पनाही त्यांचीच. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९८ मध्येच संशोधनाबाहेर तिचा वापर समर्थनीय नसल्याचे म्हटले होते. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात अशा ध्वनी-उपचारांच्या सात चाचण्या, एकूण १८२ व्यक्ती, तपासल्या गेल्या आणि ते परिणामकारक असल्याचा पुरेसा पुरावा सापडला नाही. हे सारे पैसे भरण्यापूर्वी मला वाचता आले असते.

श्रवणतज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तो नोंदणी क्रमांक पहिल्याच भेटीत मागावा आणि परिषदेच्या नोंदवहीत स्वतः पडताळावा. आमच्या केंद्रातील एकाचेही नाव तिथे नव्हते. ‘कायमचे’ हा शब्द ऐकू आला किंवा रोखीचा आग्रह झाला तर उठून यावे. मूल हेडफोन काढून फेकत असेल तर सत्र तिथेच थांबवावे, मग पुढचे पैसे भरलेले असले तरीही.

श्रवणतज्ज्ञांच्या सल्ल्याने आता कान झाकणारे मफ स्वयंपाकघरातील खिळ्याला टांगलेले असतात आणि मिक्सर लावण्यापूर्वी मी त्याला सांगून तीनपर्यंत मोजते. बऱ्याचदा तो मफ घालून दारातच उभा राहतो. आम्ही दोन्ही कुटुंबांनी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारी दाखल केल्या आहेत. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. दोन्ही आलेख, ‘स्त्री’ छापलेल्या आमच्या कागदासह, तक्रारींना जोडले आहेत.