‘कपल व्हेरिफिकेशन’च्या नावाखाली १७,६६१ रुपये गेले, हैदराबादला हॉटेल बुक करणाऱ्यांनी वाचा

नागपूरहून कमी खर्चात दोघांनी दोन रात्री कुठे जाऊन यायचं म्हटलं, की हल्ली पहिलं नाव हैदराबादचं निघतं. सप्टेंबर २०२४ मध्ये सिकंदराबादची वंदे भारत सुरू झाली, तेव्हापासून पहाटे पाचला नागपूर सोडायचं आणि दुपारच्या जेवणाला तिकडे पोचायचं, इतकं सोपं झालंय. तिथे फिरायला मेट्रो आहे, चारमिनार आणि लाड बाजार पायी होतो, हुसेनसागरच्या काठावर संध्याकाळ घालवायला तिकीट लागत नाही. हात आखडता घेऊन चाललं तर मोठा खर्च एकच उरतो, खोलीचा. आणि चोर नेमका त्याच जागी दबा धरून बसलाय.

आमचे १७,६६१ रुपये गेले. एकदम नाही, चार हप्त्यांत: २,८३२, मग ३,९९९, परत ३,९९९ आणि शेवटी ६,८३१. संध्याकाळी पावणेसात ते साडेसात, एवढ्यात सगळं आटोपलं. दोघांच्या अख्ख्या सहलीचं बजेट १८,००० होतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण “लिंकवर क्लिक केलं असेल”, “ओटीपी दिला असेल” हे ऐकून कान किटलेत. कुठल्याही लिंकवर क्लिक केलं नव्हतं. ओटीपी दिला नव्हता. हॉटेल खोटं नव्हतं, आजही तिथेच उभं आहे. फोटो खरे, लोकांचे अभिप्राय खरे, पत्ता खरा. खोटा होता फक्त फोन नंबर. मोबाइलच्या नकाशावर हॉटेलच्या नावाखाली जो नंबर दिसतो, तो बदलण्याची सूचना कोणीही पाठवू शकतं, आणि मालकाचं लक्ष नसेल तर ती मान्यही होते. आपण हॉटेलच्या पानावरूनच फोन लावतो, म्हणून शंका येत नाही. कॉलरचं नाव दाखवणाऱ्या ॲपवर “रिझर्व्हेशन डेस्क” असं आलं होतं. तेही नाव लोकच टाकतात. हे किती जणांना माहीत असतं?

फोनवरच्या माणसाने दर सांगितला २,४०० रुपये रात्रीचा, तलावाच्या बाजूची खोली. संशय यावा इतका स्वस्त नाही आणि खिशाला झेपणार नाही इतका महागही नाही. हे आकडे ते विचार करून ठरवतात. दोन रात्रींचे ४,८००, त्यावर १८ टक्के जीएसटी ८६४, एकूण ५,६६४, निम्मा ॲडव्हान्स २,८३२. व्हॉट्सॲपवर लोगोसकट पीडीएफ बिल आलं.

त्याच बिलात दोन गोष्टी डोळ्यासमोर होत्या. रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, १८ नाही. म्हणजे ४,८०० वर २४० व्हायला हवे होते. दुसरं, जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्र २७, तेलंगणा ३६. हैदराबादच्या खोलीच्या बिलावर ३६ च पाहिजे, कारण नोंदणी राज्यानुसार असते. या बिलावर सुरुवात ०८ ने होती, म्हणजे राजस्थान. जीएसटीच्या सरकारी साइटवर करदाता शोधण्याची सोय आहे, लॉगिन लागत नाही, नंबर टाकला की धंद्याचं नाव समोर येतं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण खोली बुक करताना जीएसटीचे आकडे कोण तपासतं, सांगा बरं.

जे खरोखर काळजाला लागून राहिलंय ते यानंतरचं. क्यूआर स्कॅन केल्यावर रक्कम टाकायच्या आधी ॲपवर समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नाव येतं. बिलावर हॉटेलचं नाव ठळक, वर लोगो, आणि पेमेंटच्या स्क्रीनवर बारीक अक्षरात एका माणसाचं नाव, नुसतं नाव-आडनाव. हॉटेलचं नाव कुठेच नाही. ती ओळ स्क्रीनवर होती, वाचली गेली होती, आणि बायकोने त्याबद्दल त्याला विचारलंही होतं. “मॅडम, वो हमारे अकाउंटंट का है, हॉटेल का करंट अकाउंट ऑडिट में है.” उत्तर तयारच होतं, म्हणजे हा प्रश्न त्याला रोज येत असणार. तीच ओळ म्हणजे सगळा खेळ होता, आणि ती चारही वेळा समोर आली. नागपुरात अर्ध्या लॉजचे पैसे मालकाच्या नाहीतर मॅनेजरच्या नावावरच जातात, सीताबर्डीच्या दुकानांतही तेच. सवयीने डोळ्यांवर झापड येते, ती अशी.

२,८३२ गेल्यावर खरा सापळा लागला. “आप कपल हो ना, तो लोकल पुलिस का व्हेरिफिकेशन लगेगा. ३,९९९ रिफंडेबल, चेक-इन के टाइम काउंटर पे वापस.” असा काही नियम नाही. दोन सज्ञान माणसांनी, लग्न झालेलं असो वा नसो, एका खोलीत राहू नये असा कायदा या देशात नाही. हॉटेलला दोघांचं ओळखपत्र बघून रजिस्टरमध्ये नोंद करायची असते, बस्स. काही हॉटेलं त्याच शहराचा पत्ता असलेल्या जोडप्यांना खोली देत नाहीत, तो त्यांचा आपला नियम. तो आधी विचारून घ्यावा. पण त्यासाठी पैसे लागत नाहीत, परत मिळणारेही नाहीत आणि न मिळणारेही नाहीत.

तरी जोडपी हे पैसे भरतात, कारण काउंटरवर पाच लोकांसमोर “रिश्ता क्या है” हा प्रश्न कोणालाच नको असतो. चार हजारांत अब्रू राखली जात असेल तर लोक चार हजार देतात. चोराला हे पक्कं ठाऊक आहे. लग्न न झालेली पोरं-पोरी तर पोलिसांत जाणारच नाहीत, हेही ठाऊक आहे. आमचं रीतसर लग्न झालेलं आहे, सर्टिफिकेट आहे, आणि तरीही ठाण्यात मान खाली घालून बसावं लागलं.

पुढचे दोन हप्ते एकाच युक्तीचे. “पेमेंट आया है, पर रेफरन्स मॅच नहीं हो रहा, एक बार और डालो, पहला वाला पाँच मिनट में ऑटो-रिफंड.” दुसरे ३,९९९ गेले. मग रिफंड निघायला म्हणे २,८३२ आणि ३,९९९ एकत्र करून ६,८३१ एकाच वेळी टाकावे लागतात, म्हणजे सिस्टम सगळेच परत करते. आता वाचताना हे कोणालाही हास्यास्पद वाटेल. पण १०,८३० अडकलेला माणूस हावेने पैसे टाकत नाही, स्वतःचेच सोडवायला टाकतो. लक्षात ठेवा, पैसे परत यायला तुमचा पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच, येत नाहीत. आणि परत मिळण्यासाठी आधी काही पाठवा म्हणाले, की फोन तिथेच ठेवायचा.

आता ज्यांनी मदत करायची त्यांच्याबद्दल.

सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनवर लगेच फोन लागला, तक्रार घेतली गेली, आणि त्यामुळेच तिसऱ्या व्यवहाराचे ३,९९९ समोरच्या खात्यात गोठले. बाकीचे त्याआधीच पुढच्या खात्यांत गेले होते. इथे प्रत्येक मिनिट मोजलं जातं, म्हणून आधी नातेवाइकांना, मित्रांना, हॉटेलला फोन करत बसू नका. यूपीआयच्या पावतीवरचा १२ आकडी व्यवहार क्रमांक, रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी, एवढं प्रत्येक व्यवहाराचं वेगवेगळं कागदावर उतरवून घ्या आणि मग नंबर फिरवा. चार व्यवहार असतील तर चारही क्रमांक द्या.

मग ठाणं. ड्युटीवरचा माणूस पहिलं वाक्य बोलला, “हॉटेल हैदराबादचं आहे ना, मंग तिकडेच तक्रार करा.” हे साफ चूक आहे. गुन्हा कुठेही घडलेला असला तरी कोणत्याही ठाण्याने नोंद करून तो पुढे पाठवायचा, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच लिहिलंय, आणि ती १ जुलै २०२४ पासून लागू आहे. कलम तोंडावर सांगितलं तर उत्तर आलं, “तुम्ही वकील आहात काय?” दुसऱ्या टेबलावर, “काहून पाठवले एवढे पैसे?” तिसऱ्यावर, “सतरा हजारच गेले ना, इथे लोकाईचे लाखो जाऊन राह्यले.” आणि वरून बायकोकडे बघून, “फिरायला पैसे आहेत ना, मंग जाऊ द्या.” जाऊ द्या! ज्या पैशांसाठी महिनोन्‌महिने बाहेरचं जेवण बंद ठेवलं, ते जाऊ द्या. चोराने पैसे नेले, पण अपमान मात्र सरकारी टेबलावर झाला. १७ हजार ही रक्कम गुन्हा ठरायला कमी पडते, असं कुठल्या कायद्यात आहे ते एकदा लिहून द्यावं. लाखवाल्यांना “उशीर झाला” म्हणतात, हजारवाल्यांना “थोडेच गेले” म्हणतात, मग वेळेत येणारा आणि पुरेसे पैसे घालवलेला तक्रारदार यांना हवाय तरी कुठला?

बँकेने एका ओळीत हात झटकले: पिन तुम्ही टाकला. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही म्हणणारं, ते परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. फसवून घेतलेली परवानगी त्यांच्या लेखी परवानगीच. बरं, मग लेखी द्या म्हटलं तर बँक म्हणते एफआयआर आणा, आणि ठाणं म्हणतं आधी बँकेचं पत्र आणा. तोंडी उत्तर कधीच स्वीकारू नका. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, कारण ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, आणि तिथे पहिला प्रश्न त्या तारखेचाच येतो. गोठलेले ३,९९९ सोडवायलाही आम्हाला न्यायालयाचा आदेश आणायला सांगितलं. स्वतःचेच पैसे, सापडलेले पैसे, तरीही.

खोली बुक करताना नकाशावरचा नंबर आणि बुकिंग साइटवर किंवा हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर दिलेला नंबर जुळवून बघा. लँडलाइन मिळाली तर तीच लावा. “पे ॲट हॉटेल” किंवा मोफत रद्द होणारा दर शंभर-दोनशेने महाग पडतो, तो द्या. शनिवार-रविवार सोडून गेलात तर ते शंभर-दोनशे तसेही वसूल होतात. फक्त शुक्रवार टाळा, सालारजंग म्युझियम आणि चौमहल्ला पॅलेस शुक्रवारी बंद असतात. कॅन्डललाइट डिनर, फुलांची सजावट असल्या जादा गोष्टींचे पैसे फोनवर आगाऊ देऊ नका, पोचल्यावर सांगितलं तरी होतं. मॉलमध्ये कूपन भरून “तीन दिवस दोन रात्री फ्री, दोघांनी जोडीने या” म्हणून बोलावणारे वेगळे. ते अडीच तास बसवून मेंबरशिप गळ्यात मारतात. तिकडे जाऊच नका.

नकाशावरचा तो नंबर आम्ही कळवला, हॉटेलवाल्यांनीही कळवला. काही काळ गायब होता, मग दुसराच खोटा नंबर आला. म्हणून इथे नंबर देत नाही, तो पाठ करून उपयोग नाही.

आणि आधार. बुकिंगसाठी म्हणून दोघांच्या आधारचे पुढून-मागून फोटो त्याने घेतले होते. पैशांच्या गोंधळात ही गोष्ट सगळेच विसरतात. आधारच्या सरकारी साइटवरून मास्क्ड आधार निघतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आलीच तर तेवढंच पाठवा. पूर्ण फोटो आधीच गेला असेल, तर आजच बायोमेट्रिक लॉक करा, आणि दोघांचं वेगवेगळं करा, कारण ओटीपी ज्याच्या त्याच्या मोबाइलवर येतो.